सार्धशताब्दीची काळी चौकट

द्रेनोवित्सा गावातल्या वाचनघराचं छप्पर नेमकं कधीपासून गळायला लागलं याबद्दल दोन मतं होती. सरपंच त्सोलो कुमानोव यांच्या मते ते आधीच्या सरपंचाच्या काळात गळायला लागलं, आणि आधीच्या सरपंचाच्या मते त्सोलोच्या. गळतं याबद्दल मात्र गावात एकमत होतं. द्रेनोवित्सात दुसऱ्या कुठल्याही विषयावर एकमत झाल्याची नोंद नसल्यामुळे वाचनघराचे सचिव पांतेलेय मिन्चेव यांना या एकमताचा थोडा अभिमानच वाटे.

पांतेलेय मिन्चेव म्हणजे गावच्या शाळेतले भूगोलाचे निवृत्त मास्तर. शाळा मुलांअभावी बंद पडली, पण 'मास्तर' ही हाक काही बंद पडली नाही. वाचनघराचं सचिवपद बिनपगारी होतं, म्हणून त्यासाठी निवडणुकीला कधी कोणी उभं राहत नसे आणि मास्तर दर वेळी प्रचंड बहुमताने निवडून येत. आभाळ भरून आलं की ते घरातली पातेली, बादल्या, घमेली ढकलगाडीत घालून निघत आणि पुस्तकांच्या कपाटांमधून मांडून ठेवत. कुठल्या विषयाखाली कुठलं भांडं हे ठरलेलं होतं. बायकोचं आलुबुखाऱ्याचा मुरांबा शिजवायचं मोठं पातेलं काव्याखाली जाई, कारण काव्यावर सर्वांत जास्त गळे.

"लोकांचे नवरे तरुणपणी दारूपायी घरातली भांडी बाहेर काढतात," त्यांची बायको कुना म्हणायची. "माझ्याने म्हातारपणी पुस्तकांपायी काढली."

छपरासाठी मास्तरांनी ग्रामपंचायतीला इतके अर्ज केले होते की तिथला कारकून त्यांना अक्षरावरून ओळखे आणि पाकीट न फोडताच योग्य त्या ढिगात ठेवी. अशातच राजधानीतून एक परिपत्रक आलं. 'स्थानिक ऐतिहासिक वर्धापनदिन उत्सव निधी' नावाचं काहीतरी नवं निघालं होतं. गावोगावच्या जुन्या संस्थांनी आपापले वर्धापनदिन थाटात साजरे करावेत, खर्च निधी देईल. फक्त दुरुस्ती, बांधकाम, रंगरंगोटी असल्या फुटकळ गोष्टींना त्यातून छदाम मिळणार नव्हता. थोडक्यात, सरकारकडे इतिहास साजरा करायला पैसे होते, इतिहास कोरडा ठेवायला नव्हते.

मास्तरांनी परिपत्रक घडी करून ठेवलं होतं, पण कुंपणापलीकडे शेजारी बोन्चो मिरच्या भाजत बसला होता. बोन्चोने उभी हयात एसटीसारखी सरकारी बस चालवली होती, आणि मागे बसणाऱ्या कारकुनांची बोलणी ऐकून ऐकून त्याला सरकार आतून माहीत झालं होतं, असं त्याचं म्हणणं.

"मास्तर, अर्जात छप्पर लिहूच नका. 'उत्सवासाठी शोभिवंत आच्छादन' असं लिहा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे छप्पर. पत्रे घालायचे, वर चार झेंडे खोचायचे. उत्सव संपला की झेंडे काढायचे."

"आणि पत्रे?"

"पत्रे काढायचे विसरायचं. सरकार विसरतं तर आपण का नाही?"

मास्तरांना हा विचार अप्रामाणिक वाटला. रात्रभर... म्हणजे खरं तर जेवण होईपर्यंतच त्यांनी तो मनातून झटकायचा प्रयत्न केला. मग खिडकीवर पावसाचे चार थेंब वाजले आणि मास्तरांचं मन वळलं.

पहिली अडचण सालाची आली. निधीला गोल आकड्यांची आवड होती. शंभर, सव्वाशे, दीडशे असं काहीतरी हवं. वाचनघराच्या दर्शनी भिंतीवर कोरलेल्या सालाप्रमाणे संस्थेला एकशे सत्तेचाळीस वर्षं होत होती. मास्तर तीन वर्षं थांबायला तयार होते, पण छप्पर तयार नव्हतं. शेवटी हा तिढा सरपंच त्सोलोने सोडवला. त्याच्या कार्यालयात कॉफी पीत पीत तो म्हणाला, "मास्तर, भिंतीवरचं साल इमारत पूर्ण झाल्याचं. पण इमारत बांधायची की नाही यावर आधी भांडण झालंच असेल ना?"

"झालंच असणार."

"तीन वर्षं भांडल्याशिवाय या गावात कोणी साधी गटारावर फळी टाकलीय का? मग संस्थेची स्थापना भांडणाच्या पहिल्या दिवशी झाली. लिहा, दीडशे!"

गावाच्या इतिहासाचं इतकं अचूक आकलन मास्तरांना कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. त्यांनी दीडशे लिहिलं.

अर्ज मंजूर झाला आणि खऱ्या संकटांना सुरुवात झाली. बँडसाठी तीन वेगवेगळ्या पथकांचे भाव मागवायचे होते. आख्ख्या पंचक्रोशीत बँड एकच. बँडवाल्याने एक भाव स्वतःच्या नावाने दिला, दुसरा मेव्हण्याच्या आणि तिसरा अग्निशमन दलाच्या नावाने, कारण बँडमधली सगळी माणसं अग्निशमन दलातच होती. यांत अग्निशमन दलाचा भाव सर्वांत कमी निघाल्यामुळे बँड स्वतःवरच रुसला. मग एखादी सहयोगी संस्था हवी होती. गावात दुसरी संस्था म्हणजे पेन्शनर मंडळ, आणि त्याच्या अध्यक्षा स्ताम्काबाई. वाचनघर आणि पेन्शनर मंडळ यांच्यात एका लाकडी बाकावरून जुनं वैर होतं. मास्तर टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"मटणाचं सूप आम्ही करू," स्ताम्काबाई म्हणाल्या. "मोठ्या कढया आमच्याकडेच आहेत, तुमची भांडी तर काय, कायम ड्युटीवर. पण माणसं कुठून आणणार मास्तर? गेल्या कार्यक्रमाला किती होती?"

"अकरा."

"त्यातली चार आमच्या मंडळाची. पावसात सापडली म्हणून आसऱ्याला आत शिरली होती."

"आणि छप्पर बघून परत गेली," मास्तरांनी प्रामाणिकपणे भर घातली.

हीच तर मेख होती. निधीने आगाऊ रक्कम दिली होती ती फक्त सूप, बँड आणि जाहिरातीपुरती. 'शोभिवंत आच्छादना'चे पैसे कार्यक्रमानंतर मिळायचे, आणि तेही निधीच्या निरीक्षकांनी निदान दोनशे माणसं डोळ्यांनी पाहिली तर. दोनशे नाहीत तर पत्रे नाहीत. पत्रे नाहीत तर येत्या हिवाळ्यात काव्य, इतिहास आणि अर्धं विज्ञान भिजून लगदा होणार, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नव्हता.

"दोनशे!" स्ताम्काबाई हसल्या. "अहो, गावात दोनशे माणसं उरलीत कुठे? अर्धी स्पेनला, अर्धी मातीत. आता त्यांतली कुठली बोलवायची ती तुम्हीच बघा."

मास्तर दुखावले. स्पेनला गेलेल्यांना त्यांनीच नकाशावर स्पेन दाखवला होता. 'माझ्या विद्यार्थ्यांना नुसतं कळवलं तरी धावत येतील' असं ते बोलून गेले, आणि स्ताम्काबाईंनी "हो का!" एवढंच म्हटलं. या "हो का"मुळे मास्तरांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

आता सगळी भिस्त जाहिरातीवर होती. निधीचा नियम असा की भित्तिपत्रकावर निधीचं बोधचिन्ह आणि जबाबदार व्यक्तीचा फोटो असलाच पाहिजे. पंचक्रोशीत छापखाना एकच, तालुक्याच्या गावातला याकिमचा. याकिमचा मुख्य धंदा मृत्यूपत्रकांचा. म्हणजे माणूस गेला की, चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी त्याच्या फोटोची जी पत्रकं झाडांवर, खांबांवर, बसथांब्यावर लागतात ती. शिवाय मागच्या अंगाला संगमरवराचे दगडही कोरून मिळत. एकदा त्याच्या हाती सापडलेलं घराणं मग आयुष्यभर... किंवा जे काय म्हणायचं ते... दुसरीकडे जात नसे.

"कशी काढायची मास्तर? रंगीत?"

"छे छे! फुगे नकोत, झिरमिळ्या नकोत. दीडशे वर्षांची संस्था आहे. भारदस्त पाहिजे."

"भारदस्त म्हणजे आपला हातखंडा," याकिम म्हणाला आणि त्याने फोटो ठेवून घेतला. फोटो निवृत्तीच्या वेळचा, टायमधला होता. "लावूनही देतो. माझा माणूस फिरतोच गावोगाव. त्याला जागा पाठ आहेत."

कुनाने घरी आल्यावर विचारलं, "एकदा छापून झालं की बघून तरी घेणार होतास ना?" पण बघायला वेळ कुठे होता? कारण त्याच दिवशी जिल्ह्याहून कळलं की सार्वजनिक कार्यक्रमासाठी इमारत सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. कार्यक्रम अंगणात असला तरी लागतं, कारण अंगण इमारतीचं आहे. सचिवाने जातीने येऊन 'छप्पर गळत नाही' असं लिहून द्यावं, म्हणजे छपरासाठी पैसे मिळायचा मार्ग मोकळा होईल. मास्तर आणि कुना बसने जिल्ह्याला गेले. कुना बरोबर गेली, कारण तिकडे त्यांची लेक राहत होती आणि नवरा एकटा गेला तर खरं बोलून बसेल अशी तिला धास्ती होती. कार्यालयात गेल्यावर समजलं की शिक्का मारणाऱ्या बाईंचा नामदिवस, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, असल्यामुळे त्या घरी पाहुण्यांना केक वाढताहेत, आणि उद्या तो केक पचवणार आहेत. मास्तर लेकीकडे राहिले. फोनचा चार्जर द्रेनोवित्सातच राहिला होता. शेवटी बाई आल्या, मास्तरांनी डोळे मिटून 'छप्पर उत्तम स्थितीत आहे' यावर सही केली आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या बसने दोघं परत निघाली.

द्रेनोवित्साच्या थांब्यावर उतरताच मास्तरांना भित्तिपत्रक दिसलं. ते कौतुकाने चार पावलं पुढे गेले आणि थांबले.

सभोवती जाड काळी चौकट होती. वर मधोमध टायमधले मास्तर. फोटोखाली ठळक अक्षरांत 'पांतेलेय मिन्चेव'. खरं तर हे नाव मजकुराच्या शेवटी, निमंत्रक म्हणून यायचं होतं, पण याकिमच्या दुकानात नाव फोटोखालीच जातं. त्याखाली 'द्रेनोवित्सा वाचनघराचे सचिव'. त्याखाली रविवार दुपार, वाचनघराचं अंगण, सर्वांनी सहकुटुंब यावं, जेवणाची सोय आहे. एरवी जिथे क्रूस असतो तिथे निधीचं बोधचिन्ह बसवलं होतं. 'दीडशे वर्षं!' हा मथळा मात्र खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत गेला होता, आणि त्याचं उद्गारचिन्ह उडवलं होतं. याकिमच्या दुकानात उद्गारचिन्ह वापरायची पद्धत नव्हती.

कुनाने चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. "पांतो," ती म्हणाली, "तू गेलास रे."

घराच्या फाटकावर तेच पत्रक होतं. वर काळी रिबन बांधली होती. याकिमच्या माणसाला जागा खरोखरच पाठ होत्या. मास्तरांचे कान तापले. चूक छपाईची, हे त्यांना कळत होतं. पण गेल्या तीन-चार दिवसांत गावातल्या एकालाही ही बातमी अशक्य वाटली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. बोन्चोने निदान फोन तरी करायला हवा होता. (बोन्चोने नंतर खुलासा केला. मेलेल्या माणसाला फोन करायचा कसा, आणि नुकत्याच विधवा झालेल्या बाईला करायचा तरी कशाला?)

"चल, आधी जाऊन सांगू या," मास्तर म्हणाले आणि तरातरा वाचनघराकडे निघाले.

अंगण भरलं होतं. भरलं होतं म्हणजे भिंतीवर माणसं बसली होती, अक्रोडाच्या झाडाखाली माणसं होती, रस्त्यात राजधानीच्या पाट्या लावलेल्या गाड्या होत्या. द्रेनोवित्सात इतकी माणसं एकत्र मास्तरांनी जन्मात पाहिली नव्हती. उत्सवाला कोणी आलं नसतं, घरी कामं असतात. पण गेलेल्या माणसाच्या जेवणाला जायचं टाळलं असं द्रेनोवित्सात कोणी कधी केलेलं नाही. प्रत्येकाच्या हातात फुलं होती, कोणाच्या दोन, कोणाच्या चार, कोणाच्या सहा. स्ताम्काबाई डोळे टिपत मयताच्या जेवणातला उकडलेला गहू आणि पिठीसाखर वाढत होत्या. बँड, अग्निशमन दलाच्या भावात, अत्यंत संथ काहीतरी वाजवत होता. आणि पुढच्या रांगेत गळ्यात ओळखपत्र घातलेल्या निधीच्या निरीक्षक वेलिस्लावाबाई बोट नाचवत माणसं मोजत होत्या.

मास्तर मागच्या बाजूने आत शिरले. सगळ्यांचं तोंड व्यासपीठाकडे होतं. तिथे सरपंच त्सोलो बोलत होता.

"...असा माणूस आता होणे नाही. हट्टी होता. अर्ज लिहून लिहून त्याने मला जगू दिलं नाही. आज मला त्या अर्जांची आठवण येतेय."

मास्तरांच्या शेजारी बोन्चो उभा होता. त्याने मान न वळवता रकियाने, म्हणजे फळांच्या दारूने, भरलेला एक पेला त्यांच्या हातात दिला, स्वतःच्या पेल्यातले चार थेंब मृताच्या नावाने जमिनीवर सांडले आणि पुटपुटला, "देव त्याला क्षमा करो. चांगला माणूस. माझी शिडी मात्र त्याच्याकडेच राहिली."

"तुझी शिडी जिल्ह्याला जायच्या आधीच कुंपणावर टेकवून ठेवलीय," मास्तर कुजबुजले.

"मग बरं झालं," बोन्चो म्हणाला. त्याने हळूच वळून पाहिलं. त्याचा रंग उकडलेल्या गव्हासारखा झाला. तो ओरडणार एवढ्यात कुनाने पाव त्याच्या तोंडात कोंबला.

"गप्प!" ती दोघांनाही म्हणाली. "ऐका सरपंच काय म्हणतोय ते."

"...आणि म्हणून," त्सोलो छातीवर हात ठेवून म्हणत होता, "या माणसाच्या स्मृतीला साक्ष ठेवून मी जाहीर वचन देतो. वाचनघराचं छप्पर ग्रामपंचायत करेल! याच हिवाळ्याआधी!"

अंगणात हुंदके आणि टाळ्या एकदमच उठल्या. मास्तरांनी पाऊल पुढे टाकलं. कुनाने मागून त्यांचा कोट धरला.

"कुठे निघालास?"

"मी जिवंत आहे हे सांगायला."

"पत्रे चढेपर्यंत थांबलास तर काय मरशील?"

मास्तर थांबले. खरं सांगायचं तर फक्त पत्र्यांसाठी थांबले असं म्हणता येणार नाही. व्यासपीठावर आता मोम्चिल चढला होता. हा मोम्चिल भूगोलात लागोपाठ नापास व्हायचा. आता स्पेनमध्ये घरांची छपरं घालायची कंत्राटं घेतो. दोन दिवस गाडी चालवत तो आला होता. "मास्तरांनी मला स्पेन फळ्यावर काढून दाखवला होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय स्पेनशी? ते म्हणाले, गाढवा, जग बघून ठेव, कधी कुठे जावं लागेल सांगता येत नाही." एवढा आडवा तिडवा गडी, बाहीने नाक पुसत उभा राहिला. मास्तरांना भरून आलं. ही माणसं आपली आहेत, आपण एवढी वर्षं उगाच नाही घालवली, असं त्यांना फार मनापासून वाटलं. आणि याच हळव्या क्षणी त्यांनी सवयीप्रमाणे खिशातून मोठा चौकड्यांचा रुमाल काढून दणक्यात नाक शिंकरलं.

ते शिंकरणं गावाच्या ओळखीचं होतं. त्या आवाजावर शाळेच्या तीन पिढ्या चूप बसल्या होत्या. आजही अंगण चूप बसलं, आणि मग वळलं. स्ताम्काबाईंच्या हातून गव्हाचं ताट सुटलं. बँडमधला तुतारीवाला एक सूर धरून होता तो तसाच वर वर जात संपला.

"नमस्कार," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "याकिमने जरा घोळ केलाय."

आता लोकांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घटकाभरच. मग कुरकुर सुरू झाली. कोणी रजा टाकून आलं होतं, कोणी दुकान बंद करून. "निदान आधी तरी सांगायचं मास्तर," एक माजी विद्यार्थी म्हणाला. "आम्ही रस्ताभर रडत आलो." स्ताम्काबाईंना तर सरळ सरळ फसवल्यासारखं झालं होतं. "दोनशे माणसं कुठून आणणार म्हणून मी विचारलं, तर या थराला जाल असं वाटलं नव्हतं!" त्यांनी सुनावलं. याकिमही पाहुण्यांत होता, काळा कोट घालून. सगळे त्याच्यावर धावले.

"मी छापतो ते वाचत नाही!" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "वाचायला लागलो तर रोज रडावं लागेल, धंदा कसा होणार? मला तर बसथांब्यावरच कळलं. फार वाईट वाटलं हो मास्तर."

एवढ्यात कोणीतरी हातातल्या फुलांकडे पाहिलं. सम संख्येची फुलं फक्त मेलेल्यांसाठी, ती जिवंत माणसाला द्यायची म्हणजे काय? भराभर सगळ्यांनी आपापल्या गुच्छातलं एकेक फूल उपटलं आणि उरलेली विषम फुलं मास्तरांच्या हातात दिली. उपटलेल्या फुलांचा व्यासपीठाशेजारी ढीग झाला. कुनाने तो ओच्यात भरला.

मास्तर फुलांच्या भाऱ्याआडून सरपंचाकडे वळले. "त्सोलो, छपराचं ठरलं मग?"

त्सोलोने गळ्याचा टाय नीट केला. "मास्तर, ते वचन मी दिवंगताला दिलं होतं. दिवंगतच नाही म्हटल्यावर वचन कोणाला? तुम्ही असं करा, एक अर्ज द्या."

मास्तरांनी वेलिस्लावाबाईंना गाठलं. दोनशे कधीच ओलांडले होते, बाईंनी स्वतः मोजले होते.

"माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "पण ती वर्धापनदिनाला आलेली नाहीत, खासगी स्मृतिभोजनाला आलीत. ते आमच्यात बसत नाही. तेही जिवंत माणसाच्या. ते तर कुठल्याच निधीत बसत नाही. शिवाय आच्छादन कशाला हवंय? छप्पर उत्तम स्थितीत आहे असं तुम्हीच लिहून दिलंय." त्यांनी प्रमाणपत्राची प्रत दाखवली. खाली मास्तरांचीच सही होती. "आणि आगाऊ दिलेली रक्कम परत करावी लागेल. सचिवांच्या नावे नोटीस येईल."

मास्तर अक्रोडाखालच्या बाकावर बसले. पेन्शनर मंडळाशी ज्यावरून भांडण होतं तोच हा बाक, पण आज कोणी उठा म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोनशे माणसं जमवली आणि पत्रा एक मिळाला नाही. डोक्यावर ढग जमत होते. घरून पातेली आणायला हवीत असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना इतकं थकल्यासारखं वाटलं की टोपीसुद्धा नीट करवेना.

मोम्चिल येऊन समोर उभा राहिला. चुळबुळत म्हणाला, "मास्तर, एक घोळ आमच्याकडूनही झालाय. आम्ही स्पेनवाल्यांनी मिळून पैसे जमवले. तुमच्या नावाने रस्त्यावर वाटसरूंना प्यायला पाण्याची चेश्मा बांधायची म्हणून. आता ज्याचे त्याला परत द्यायचे म्हणजे..."

"परत कशाला?" बोन्चो मध्ये पडला. त्याच्या तोंडातला पाव आता खाली उतरला होता. "मास्तर काय कायमचे राहणार आहेत? आज ना उद्या लागतीलच. आगाऊ खर्च करून टाका. सरकार आगाऊ देतं, तुम्हाला काय झालं?"

"पण चेश्मा कशाला?" कुना म्हणाली. "पाणी आहे आमच्याकडे भरपूर. वरून येतं."

मोम्चिलने वर पाहिलं. त्याने छपराकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्याने भूगोलाच्या पुस्तकावर कधी टाकली असती तर नापास झाला नसता. त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे मान आडवी हलवून 'हो' म्हटलं. मग कोट काढला आणि बोन्चोला म्हणाला, "काका, ती शिडी कुठे आहे?"

स्पेनवाली माणसं आठवडाभर गावात राहिली. सूप संपेपर्यंत पेन्शनर मंडळ वाढत होतं, मग पुन्हा नवं केलं. पत्रे चढले, पन्हळी लागल्या, त्सोलो खाली उभा राहून फोटो काढून घेत होता. एकच पेच उरला. याकिमने चेश्मेवर लावायची संगमरवराची पाटी घाईघाईने आधीच कोरून ठेवली होती: 'शिक्षक पांतेलेय मिन्चेव यांच्या स्मरणार्थ, कृतज्ञ विद्यार्थी'. दगड एकदा कोरला की पुसता येत नाही. फेकायचा तर पैसे फुकट. शेवटी ती वाचनघराच्या दारावर लावली. पहिले काही दिवस मास्तर त्याखालून जाताना मान खाली घालत. मग ते रोज सकाळी ओल्या फडक्याने ती पुसू लागले.

वसंतात निधीकडून वसुलीसाठी एक नवा अधिकारी आला. हातात नोटीस, पायात शहरी बूट. मास्तर दारात झाडत होते.

"सचिव पांतेलेय मिन्चेव कुठे भेटतील?"

मास्तर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात अधिकाऱ्याची नजर वर गेली. त्याने पाटी वाचली. मग हातातल्या नोटिशीवरचं नाव वाचलं, आणि पुन्हा पाटी.

मास्तरांनी आयुष्यात एकदाच, त्या प्रमाणपत्रावर, धडधडीत खोटं लिहिलं होतं. पुन्हा बोलायची त्यांची इच्छा नव्हती. म्हणून ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढली.

अधिकाऱ्यानेही आपली काढली. "देव त्यांना क्षमा करो," तो म्हणाला.

"करेल अशी आशा आहे," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्याने नोटिशीवर 'वसुली अशक्य' असा शेरा मारला आणि घडी करून खिशात घातली. बाहेर पाऊस सुरू झाला होता, म्हणून मास्तरांनी त्याला आत नेऊन काव्याच्या कपाटापाशी खुर्ची दिली. पत्र्यांवर पाऊस तडतडत होता आणि खाली एक थेंब पडत नव्हता. अधिकारी कौतुकाने वर पाहत राहिला.

"छप्पर मात्र छान आहे हो."

"असणारच," मास्तर म्हणाले. "जीव गेलाय त्यात एका माणसाचा."